व्याह्यांची पहिली भेट, तीही कॉकटेल बारमध्ये!

पत्र

नमस्कार. आम्ही साताऱ्याचे. मुलगी पणजीत नोकरीला आहे. मडगावच्या एका मुलाशी तिचं जमलंय आणि आम्हाला तो पसंत आहे. एप्रिलच्या शेवटी आम्ही दोघं गोव्याला जातोय, तेव्हा व्याह्यांची पहिली भेट होईल. मला वाटलं, कुणाच्या तरी घरी चहापोहे होतील. तर मुलांनी पणजीतल्या फोंतेन्हास वस्तीमधल्या एका जुन्या घरातल्या कॉकटेल बारमध्ये सहा जणांचं टेबल ठरवून टाकलंय! ‘आई, जेवण बघ तिथलं, सगळं गोव्याचं आणि ताजं,’ असं लेक म्हणते. तिने पाठवलेल्या मेन्यूत एका ग्लासाला 650 रुपये लिहिलेत आणि अर्धे शब्द मला कळत नाहीत. सोबत तो जोडते आहे.

आमचे हे शनिवारी घरी व्हिस्की-सोड्याचे दोन पेग घेतात, खाऱ्या शेंगदाण्यांबरोबर. तिथेही तेच मागतील आणि वर ‘पेग केवढ्याला?’ म्हणून विचारतील, या विचारानेच मला धडकी भरते. त्यांना डायबेटिसची गोळी चालू आहे. ते मटण-चिकन खातात, डुकराचं नाही. मी शाकाहारी, अंडंही नाही. दारूला आजवर शिवले नाही. पण खरं सांगू? एकदा चव बघावीशी वाटते. वय 54. विहीणबाईंसमोर हे शोभेल का? बिल कुणी द्यायचं, मुलीकडचे म्हणून आम्हीच ना? आणि घरी सासूबाई माळकरी आहेत, त्यांना काय सांगू?

– होऊ घातलेली विहीण, सातारा

उत्तर

ताई, आधी अभिनंदन. आणि पोरांचंही कौतुक करा, त्यांनी विचार करून जागा निवडली आहे. चहापोह्यांच्या पहिल्या बैठकीत काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. दोन्हीकडची माणसं सोफ्याच्या कडेला टेकून बसतात, हवापाण्याचं बोलतात, ‘घ्या ना, घ्या ना’ होतं आणि तासाभरात विषय संपतात. इथे निदान टेबलावर बोलायला काहीतरी येत राहील.

मेन्यू मी वाचला. तुम्हाला अर्धे शब्द कळले नाहीत म्हणता, ते बरोबर आहे. पण उरलेले अर्धे वाचलेत का? कोकम, कैरी, गूळ, चिंच, लिंबाचं पान, ओलं खोबरं, तिरफळ. तिरफळ कदाचित साताऱ्याच्या डब्यात नसेल, बाकी सगळं तुमच्या फळीवरचं आहे. न कळलेले शब्द बहुतेक दारूच्या जातींचे नाहीतर कृतींचे आहेत आणि ते पाठ करून जायची गरज नाही. अशा बारमध्ये मागणी चवीच्या भाषेत करायची असते. ‘आंबट आवडतं, फार गोड नको, हलकं द्या’ एवढं सांगितलं की समोरच्याचं काम सुरू होतं. चांगला बारटेंडर हेच ऐकायला थांबलेला असतो. साखर किती, आंबट किती याबद्दल जन्मभर स्वयंपाक केलेल्या बाईइतकं नेमकं बोलणारं गिऱ्हाईक त्याला रोज थोडंच मिळतं? मराठीत बोला, हिंदीत बोला. काउंटरमागचा मुलगा गोव्याचाच असेल असं नाही, त्यामुळे हिंदीवर गाडी येईलच.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवून जा, ग्लास जितका छोटा तितकं पेय कडक. हे आपल्या अंदाजाच्या उलट आहे. उंच ग्लासात सोडा, बर्फ, रस घातलेलं असतं, त्यात दारूचा वाटा कमी. शेकरमध्ये हलवून दिलेली लिंबू-साखरेची आंबटगोड पेयं मधली, त्यांना ‘सावर’ म्हणतात. आणि बुटक्या ग्लासात एक मोठा बर्फाचा ठोकळा घालून येणारं, दिसायला दोन घोटांचं ‘नेग्रोनी’ किंवा ‘ओल्ड फॅशन्ड’ हे जवळजवळ सगळं मद्यच असतं. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी ते सरबतासारखं संपवलं आणि मग जेवण येईपर्यंत स्वतःशीच हसत बसले.

आता 650 रुपये. महाग आहेत, मी नाही म्हणत नाही. त्यातली मद्याची किंमत बघायला गेलात तर चिडचिडच होईल, कारण 45 ते 60 मिलीच्या वर ते सहसा नसतं. पण एकदा काउंटरजवळ उभ्या राहून बघा. लिंबं त्याच दिवशी पिळलेली असतात. बर्फ वेगळा गोठवून, आरपार दिसेल असा कापलेला असतो, म्हणजे तो सावकाश वितळतो. मुलगा शेकर डोक्याजवळ धरून दहा-पंधरा सेकंद जोरात हलवतो, पत्र्यावर दहिवर धरतं, आतल्या बर्फाचा आवाज खडखडाटापासून खुळखुळाटावर येतो आणि त्या आवाजावरूनच तो थांबतो. तयार पेयाचा साधारण पाव भाग हे वितळलेल्या बर्फाचं पाणी असतं आणि ते मोजूनमापून हवं असतं. कमी पडलं तर घशाला झोंबतं, जास्त झालं तर पाणचट. मग तो स्ट्रॉ बुडवतो, वरचं तोंड बोटाने दाबून थेंबभर उचलतो आणि जिभेवर सोडतो. नापसंत पडलं तर तुमच्यापर्यंत येतच नाही. लिंबाचं पान ग्लासावर ठेवण्याआधी तळहातावर आपटतो, वास सुटावा म्हणून. पैसे या कामाचे आहेत. हे पटलं तर एक ग्लास तासभर पुरवून प्या. नाही पटलं तरी लेकीला तिथल्या तिथे ‘एवढ्यात घरी चार बाटल्या आल्या असत्या’ असं म्हणू नका. साताऱ्याला परतताना गाडीत म्हणा.

तुम्ही एप्रिलच्या शेवटी जाताय, हे फार बरं झालं. तो हुर्राकचा हंगाम. आणि तुमच्या ‘एकदा चव बघावीशी वाटते’ याचं उत्तर मला तिथेच दिसतंय.

हुर्राक म्हणजे फेणीची धाकटी बहीण म्हणा. मार्च ते मे या महिन्यांत डोंगरउतारावर काजूची बोंडं पिकून खाली पडतात. ती झाडावरून तोडत नाहीत, पडलेलीच वेचतात. बी पिरगळून वेगळी करायची आणि बोंडं दगडात कोरलेल्या कुंडीत पायांनी तुडवायची, ही जुनी रीत; आता बऱ्याच ठिकाणी यंत्रं आली आहेत. तुडवून झाल्यावर चोथ्याची ढेप करून वर वजन ठेवतात आणि तिच्यातून निथळतो तो नितळ, गोड रस म्हणजे नीरो. मिळाला तर हा आधी प्या, यात मद्य नसतं. पण उन्हं चढली की तो आंबायला लागतो, म्हणून सकाळीच मिळतो आणि बाटलीत भरून साताऱ्याला आणता येत नाही. तुडवलेला रस काही दिवस आपसूक आंबू देतात, बाहेरचं खमीर घालत नाहीत. मग भट्टीवर चढवतात. पहिल्या वाफेचं जे उतरतं ते हुर्राक. त्याच हुर्राकात आणखी रस मिसळून पुन्हा भट्टी लावली की फेणी.

फेणीत मद्याचं प्रमाण 42-43 टक्क्यांच्या घरात, हुर्राकात साधारण 15 च्या आसपास, म्हणजे वाइनपेक्षा थोडंसंच जास्त. वास काजूच्या बोंडाचाच, पण फेणीसारखा दारातून आत शिरल्यावर कळेल इतका उग्र नाही. फेणी वर्षानुवर्षं ठेवता येते. हुर्राक टिकत नाही, पावसाळ्यापर्यंत संपवायचा. त्यामुळे गोव्यात वर्षाचे ते दोन-तीन महिने लोक त्याची वाट बघतात. साध्या तावेर्नात, म्हणजे गावातल्या गुत्त्यात, तो लिंबू, मीठ, मधोमध चिरलेली हिरवी मिरची आणि थंडगार लिम्का घालून देतात. तुमच्या त्या बारमध्ये मिरचीच्या जागी दुसरं काही असेल, ग्लास नाजूक असेल, पण जीव तोच.

ज्या झाडाच्या जिवावर हे सगळं चालतं, ते इथलं नाही. पोर्तुगीजांनी 16व्या शतकात ब्राझीलहून काजू आणला. फळ त्यांनी आणलं आणि गाळायची युक्ती गोवेकरांनी इतकी आपली केली की 2009 मध्ये काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. भारतात मद्याला मिळालेलं हे पहिलंच. 2016 मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचं वारसा-पेय ठरवलं. तरी बरीच वर्षं ‘गावठी’ म्हणून खुद्द गोव्यातल्या बड्या हॉटेलांनी तिला मेन्यूत उभं केलं नव्हतं. ती काचेच्या कपाटात आली ती या नव्या बारवाल्यांमुळे. कॉल्व्याच्या ‘तेझोरो’ या बारने 2022 मध्ये आशियातल्या पहिल्या पन्नास बारच्या यादीत चौथा नंबर पटकावला, तेव्हा मुंबई-दिल्लीवाल्यांच्या भुवया उंचावल्या. माझं मत विचाराल तर या नव्या बारांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम हेच. धुराचे फुगे आणि पेल्यावर क्लिपने लावलेले फोटो या गोष्टी मला सोसत नाहीत, पण घरच्या बोंडाला त्यांनी खुर्ची दिली, हे खरं.

तर ताई, घ्यायचंच ठरवलंत तर हुर्राकचं एक उंच ग्लासातलं पेय घ्या. पोटात काहीतरी गेल्यावर, सावकाश, शेजारी पाण्याचा ग्लास ठेवून. निम्मं आवडलं नाही तर निम्मं सोडा. सरबतासारखं लागतं म्हणून घटाघटा मात्र पिऊ नका. हुर्राकची खोड अशी की बसल्या जागी काही कळत नाही, उठल्यावर कळतं. पहिल्याच खेपेला कोरी फेणी नको. आणि आयत्या वेळी मन झालं नाही तर मुळीच घेऊ नका. वयाच्या 54व्या वर्षी चव बघणं वेडेपणा नाही आणि न बघताच परत येणंही नाही.

विहीणबाईंना काय वाटेल, असं तुम्ही विचारता. मला उलटं विचारावंसं वाटतं, त्या घेतात हे तुम्हाला कुणी सांगितलं? गोव्याची माणसं म्हणजे पिणारच, हे आपल्या घाटावरच्यांच्या डोक्यातलं चित्र आहे. गोव्यात थेंबालाही न शिवणारी कितीतरी घरं आहेत. कदाचित त्याही तिकडे मडगावात ‘साताऱ्याच्या विहीणबाई मॉडर्न निघाल्या तर मी काय मागवू?’ या काळजीत असतील. लेकीला सरळ विचारून ठेवा. एक फोन केलात तर निम्मी धडधड कमी होईल.

न घेणाऱ्यांसाठीही अशा बारमध्ये चांगली सोय असते. ‘मला काही नको, पाणी चालेल’ असं म्हणून बसू नका, ते सगळ्यांना अवघड होतं. मद्य नसलेलं काय आहे ते विचारा. कोकम, कैरी, नारळपाणी, आलं यांची पेयं तेवढ्याच मायेने करतात. कुणाला थेंबभरही मद्य चालत नसेल तर तसं स्पष्ट सांगा, कारण ‘बिटर्स’ नावाचा कडू अर्क दोन-चार थेंब अशा पेयांतही कधीकधी पडतो आणि त्यात मद्य चांगलंच असतं.

तुमच्यासाठी त्याहून महत्त्वाचं म्हणजे अंडं. आंबटगोड कॉकटेलवर जो पांढरा, मऊ फेस असतो तो पुष्कळदा अंड्याच्या पांढऱ्याचा असतो. दिसत नाही, वासही येत नाही. काही ठिकाणी त्याऐवजी काबुली चणे शिजवलेलं पाणी वापरतात, त्याचाही तसाच फेस होतो. तेव्हा फेस दिसला की विचारा. मेन्यूत ‘मिल्क पंच’ आहे, तो पाण्यासारखा नितळ दिसेल. पण तो दुधात आंबट पेय घालून, ते फाडून, कपड्यातून गाळून काढलेला असतो. तुम्हाला चालेल, दूध न पचणाऱ्याला कदाचित नाही. टोमॅटोच्या ‘ब्लडी मेरी’त जो काळा सॉस पडतो, त्यात बहुतेकदा मासळी असते. आणि काही बार डुकराच्या चरबीचा वास दारूला लावतात, चरबी दारूत मुरवायची, मग गोठवून काढून टाकायची. मेन्यूत ‘चोरीस’ हा शब्द पेयांच्या पानावर दिसला तर हे ते. चोरीस म्हणजे डुकराचं मांस घालून केलेलं मसालेदार सॉसेज. तुमच्या ह्यांनाही सांगून ठेवा, कारण पावात घालून आलं की वास इतका खमंग येतो की हात आपोआप पुढे जातो. मांसाच्या पदार्थांत कशाचं मांस आहे हे विचारायला लाजू नका. गोव्यात तो रोजचा प्रश्न आहे, कुणाला राग येत नाही.

जेवणाला लेक ‘सगळं गोव्याचं आणि ताजं’ म्हणाली, आणि मेन्यू बघता तिचं खरं दिसतंय. पदार्थ थोडे आहेत, ही चांगली खूण. ज्या स्वयंपाकघराचा मेन्यू बाराही महिने तोच आणि दहा पानी असतो, तिथे शीतपेटी मोठी असते. मासळी काय आहे हे फळ्यावर खडूने लिहिलेलं असेल तर आणखी उत्तम. तुम्ही एप्रिलात जाताय म्हणून मासळी जोरात असेल. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा जाणाऱ्यांनी ‘आजची ताजी’ कुठून आली ते जरूर विचारावं.

तुमच्या ताटासाठी मी त्यातले चार पदार्थ निवडले. नीरफणसाची कापं: रव्यात घोळून तव्यावर भाजलेली, बाहेरून कुरकुरीत, आत बटाट्यापेक्षा मऊ. आंबट पेयाबरोबर याच्यासारखं दुसरं काही नाही. ओल्या काजूगरांचं तोंडाक, म्हणजे रस्सा: हे याच दिवसांत मिळतं, सोडू नका. अळंब्यांची शाकुती: भाजलेलं खोबरं आणि खसखस घातलेला तो मसाला आपल्या घाटी जिभेला लगेच ओळखीचा वाटतो. आणि आंब्याचं सासव, गोटीएवढे रायवळ आंबे आख्खे घालून, मोहरी-खोबऱ्याच्या वाटणात. हे मात्र जपून खा, कारण कोय चोखल्याशिवाय त्याला मजा नाही आणि व्याह्यांसमोर कोय चोखायची हिंमत तुमची तुम्हीच जोखायची. हे सगळं पोईबरोबर खा. पोई म्हणजे कोंड्यासकट गव्हाची, आतून पोकळ अशी पावाची गोल पोळीच.

दोन ठिकाणी मात्र सावध राहा. ‘वांग्याचं बाल्शांव’ नावावरून शाकाहारी वाटतं, पण बाल्शांवच्या मसाल्यात सुकी कोळंबी घालायची जुनी पद्धत आहे, तेव्हा विचारून घ्या. ‘किसमूर’ही तसंच, बहुतेकदा सुक्या कोळंबीचं. दुसरं ठिकाण गोडाचं. बेबिंका सुंदर दिसते, थर-थर असलेली, तुपाचा वास येणारी, पण तिच्यात अंड्याचा बलक भरपूर. त्याऐवजी दोदोल घ्या. तांदूळ, गूळ आणि नारळाचं दूध आटवून केलेला तो काळसर, चिकट गोळा दिसायला बेताचा आहे. खाल तेव्हा मला दुवा द्याल.

ह्यांच्यासाठी चिकन काफ्रियाल, हिरव्या वाटणातलं, पोर्तुगीजांबरोबर आफ्रिकेतून आलेलं. मासे खात असतील तर रेशादचा लाल मसाला भरलेला बांगडा. आणि सगळ्यांत आधी, पेय येण्याच्याही आधी, दोन पदार्थ मागवून ठेवा. आपल्याकडे खाणं हे ‘चकणा’ म्हणून पिण्याच्या मागे फरफटत येतं. मी तर तुम्हाला म्हणेन की ही जेवायची संध्याकाळ समजा, ग्लास तोंडी लावायला.

आता तुमचे यजमान. त्यांना व्हिस्की-सोडाच हवा असेल तर घेऊ द्या की! त्यात लाजण्यासारखं काय आहे? व्हिस्की, चांगला बर्फ आणि कडक सोडा हे जगभर मानानं दिलं जाणारं पेय आहे. त्यांना एवढंच सुचवा की नेहमीच्या ब्रँडऐवजी ‘पॉल जॉन’ मागवा. ही सिंगल माल्ट व्हिस्की गोव्यातच, कुंकळ्ळीला बनते. व्याह्यांशी बोलायला आयता विषय. ‘तुमच्याकडची व्हिस्की चांगली आहे हो’ हे वाक्य पहिल्या भेटीत ‘पेग केवढ्याला’पेक्षा बरं वाजतं. आणि किंमत विचारली तरी आकाश कोसळत नाही, ती मेन्यूवर छापलेलीच असते. आधी बघून मागवणाऱ्याला कुणी हसत नाही.

गोळीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. डायबेटिसच्या काही गोळ्यांवर, ग्लिमेपिराइडसारख्या, रिकाम्या पोटी मद्य घेतलं तर साखर धोकादायक खाली येऊ शकते. घाम येणं, थरथर, तोल जाणं ही त्याची लक्षणं बाहेरून दारू चढल्यासारखीच दिसतात आणि घोटाळा तिथेच होतो. उलट गोड कॉकटेलांत पाक भरपूर, त्याने साखर वर जाते. कोणती गोळी आहे आणि किती चालेल, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. खाण्याबरोबर एक, फार तर दोन, आणि साधे, पाक नसलेले. आणि त्या रात्री जेवण टाळायचं नाही.

वेळ कितीची ठरली आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. सातची मागा. नऊनंतर अशा बारमध्ये गाणी चढतात आणि व्याह्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू येईनासं होतं. टेबल अंगणात किंवा आतल्या खोलीत मागून घ्या. काउंटरवर सहा जण ओळीने बसलात तर कडेच्या दोघांची भेटच व्हायची नाही. तुम्ही अर्धा तास लवकर पोहोचा आणि लेकीबरोबर एकदा मेन्यू नजरेखालून घाला, म्हणजे सगळ्यांसमोर चष्मा शोधायची वेळ येणार नाही. साडी नेसूनच जा, काही बिघडत नाही. फोंतेन्हासच्या गल्ल्यांत उजेडी फिरायला मिळालं तर बघा: आल्तिनोच्या टेकडीच्या पायथ्याशी पिवळी-निळी-तांबडी घरं, नक्षीचे सज्जे, 1818 सालचं सेंट सॅबॅस्टियनचं कपेल, म्हणजे छोटं चर्च. पण तिथे माणसं राहतात. त्यांच्या दारात उभं राहून फोटो काढणाऱ्यांना ती फार वैतागली आहेत.

गाडी कुणी चालवायची हे निघतानाच ठरवा. रक्तात 100 मिलीला 30 मिलिग्रॅम एवढीच कायद्याची मर्यादा आहे, पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जावईबुवांवर ही जबाबदारी टाकू नका, त्यांचीही ती संध्याकाळ आहे. टॅक्सी आधी सांगून ठेवा. ‘गोवामाइल्स’चं अॅप लेकीकडे असेलच.

बिल. मुलीकडचे म्हणून तुम्हीच द्यायचं, हे कुणी ठरवलं? टेबल पोरांनी लावलंय, बोलावलंय पोरांनी, बिल पोरांचं. दोघं कमावतात. तुम्ही पाकीट काढलंत की व्याही पाकीट काढणार, मग तिथे ओढाताण होणार, वेटर बिचारा मधोमध फोल्डर धरून उभा. फारच चुटपुट लागली तर दुसऱ्या दिवशीचं दुपारचं जेवण तुमच्याकडून द्या, साध्या खानावळीत, माशांच्या थाळीचं. बिल आलं की लेकीला एवढं बघायला सांगा, की खाण्यावर जीएसटी लागतो, मद्य जीएसटीच्या बाहेर, त्यावर राज्याचा कर वेगळा. ‘सर्व्हिस चार्ज’ सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये तसं बजावलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते कायम ठेवलं. बक्षिशी मनापासून द्या, आणि काउंटरमागच्या मुलाचा वाटा विसरू नका.

राहता राहिल्या सासूबाई. ‘पोरांनी जेवायला नेलं होतं’ हे शंभर टक्के खरं आहे, तेवढंच सांगा. खोदून विचारलंच तर लपवू नका. माळकरी माणसं स्वतःचा नेम कडक पाळतात, पण दुसऱ्याच्या ताटात डोकावतातच असं नाही. आणि मला वाटतं, त्या आधी ‘माणसं कशी आहेत?’ हेच विचारतील.

कंदी पेढे न्यायला विसरू नका. मात्र ते बारच्या टेबलावर उघडायचे नाहीत, तिथे बाहेरचं खाणं चालत नाही. निघताना टॅक्सीपाशी विहीणबाईंच्या हातात द्या. आणि एक पुडा जास्तीचा ठेवा, व्याही नक्की तिथेच उघडतील.